उंच सुरई

आमच्या बेटावर माणूस दर्यावर निघाला, की घरातलं लहान पोर त्याच्या पाठीमागं पाणी ओततं. म्हणजे तो परत येतो. हसूना बोटीवर कामाला गेला, तेव्हा त्याची शदलिया चार वर्षांची. ऊन मी म्हणत होतं. तहानलेली पोर, निम्मं पाणी तिनंच पिऊन टाकलं! सगळे हसले, तिची आई महबूबाही हसली.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. आधी पत्रं यायची, मग तीही थांबली. महबूबा दारात बसून खजुराच्या झावळ्यांपासून मासे धरायचे सापळे विणायची, आणि पोरगी विचारायची, "उम्मी, बाबांची वाट मीच पिऊन टाकली ना?"

मग शदलिया रोज सकाळी उंबऱ्याबाहेर पाणी ओतायला लागली. तेही उंच, बारक्या मानेच्या सुरईनं. बुटका गडू नको म्हणायची. "उंच आहे ना, हिच्यात जास्त मावतं. बाबा लांब गेलेत."

सासू करवादायची, "अगं, पावसाचं साठवलेलं पाणी ते! उद्या काय दर्या पिऊ?"

"ओतू दे हो आत्याबाई," महबूबा म्हणायची. "त्याला बोलावणारं एवढं एक तरी माणूस आहे घरात." तिला काय कळत नव्हतं? पण त्या एवढ्याशा हातातली सुरई बघितली, की तिलाही वाटायचं, येईल.

पोरीला सातवं वर्ष लागलं तेव्हा काय झालं, तिनं भरल्या सुरईतलं पाणी गडूत ओतलं. गडू काठोकाठ भरला, थेंब सांडला नाही. परत सुरईत ओतलं, परत गडूत. "उम्मी, दोन्हीत सारखंच मावतं की!" टाळ्या पिटून नाचली. महबूबा हसली, पण सुरई उचलून पुन्हा उंबऱ्यापाशी नेऊन ठेवली.

पुढच्या साली ओतणं बंद. "पाण्यानं कुणी येत नसतं, उम्मी. आणि मी प्यायले म्हणून कुणी तिकडं राहतही नसतं."

पोरीच्या जिवावरचं ओझं उतरलं, बरंच झालं. पण कोरडा उंबरा महबूबाला बघवेना. सकाळ झाली की हात शिवशिवायचे.

एक दिवस ती गुपचूप गडू घेऊन दाराबाहेर गेली. ओतते तोच मागं शदलिया उभी.

"भांडं विसळत होते गं," महबूबा गडबडून म्हणाली.

पोरगी हसली नाही. आत गेली, सुरई भरून घेऊन आली आणि आईच्या हातात दिली.

"ही घे, उम्मी. हिच्यात जास्त मावतं."