सात नंबरची बनियन

चार नावं ठरली होती. पाचव्या नावाला प्राचार्यसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते दुसऱ्या कॉलेजचे, निवड समितीचे अध्यक्ष; मी सेक्रेटरी, म्हणजे कागद सांभाळणारा.

"उरलेल्यांत जास्त पॉइंट कोणाचे?"

"सुधाकरचे. सात नंबर. शीटवर आहे."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी यादीवर सही ठोकली.

तेव्हा नागपूर राजधानीचं शहर होतं आणि मी एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. सीझन संपला की सगळ्या कॉलेजांतून बास्केटबॉलचे पाच उत्तम खेळाडू निवडायचे. त्यांना 'कलर' मिळे, म्हणजे युनिव्हर्सिटीचा बिल्ला लावलेला ब्लेझर आणि सर्टिफिकेट. मॅचचं स्कोअरशीटही मीच लिहायचो. कोणी बास्केट केली की पाठीवरचा नंबर बघायचा आणि त्या नंबरापुढे टिक करायची. माझ्या शीटमध्ये खाडाखोड नसे, याचा मला भारी तोरा होता.

दुसऱ्या दिवशी नामदेव आला. सुधाकरच्याच टीममधला, उमरेडच्या विणकराघरचा, बोलायला लाजरा. त्याला पीटी मास्तर व्हायचं होतं आणि ट्रेनिंग कॉलेजवाले खेळाचा काहीतरी कागद मागत होते.

"सर, माह्या नावापुढं किती पॉइंट आहेत जी?"

मी शीटं काढली. नामदेव, टीमच्या यादीत बारा नंबर. सगळ्या सीझनचा मिळून भोपळा.

"तू तर एकही बास्केट केली नाहीस."

तो म्हणाला, "बारा नंबरची बनियनच नाही जी आमच्याकडं. सातच बनियना आहेत. सुधाकर थकला का बाहेर येते अन् आपली काढून मले देते. मी तीच घालून खेळतो."

"मग आजवर काहून नाही बोलला गा?"

"मले काय मालूम, तुम्ही बनियनच लिहून राहिले म्हणून."

हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो. एक पोरगा घामट बनियन काढतो, दुसरा ती अंगात घालतो. त्याचा माझ्या टिकांशी काही संबंध आहे, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. शीटवर मीच लिहिलं होतं, 'सात बाहेर, बारा आत'. आणि त्याच्याखाली पुन्हा सातच्याच टिका. बाहेर बसलेला माणूस बास्केट करून राहिला होता, तेही माझ्या सुरेख अक्षरात.

शीटं घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला.

"यावरून काय सिद्ध होतं? सुधाकर परत आत आला असेल. तुम्ही लिहायला विसरला असाल."

"त्यालाच विचारू या, साहेब."

सुधाकरला बोलावलं. तो सीताबर्डीत टेलरकडे ब्लेझरचं माप देऊनही आला होता. साहेबांनी विचारलं, "बाहेर आल्यावर त्याच मॅचमध्ये तू परत खेळायला जायचास का?"

पोरगा हुशार होता. प्रश्न कुठं जातोय ते त्याला कळलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, कोणाला तपासता आलं नसतं.

"नाही जी. माझा गुडघा धरायचा. मी बाहेर आल्यावरचे सगळे पॉइंट नामदेवचे आहेत."

मी तिथंच बसून सगळी शीटं पुन्हा मांडली. सातचे पॉइंट दोघांत वाटले. आणि मग जे निघालं ते बघून मी पेन खाली ठेवला. वाटल्यावर सुधाकर पाचांत बसत नव्हता, आणि नामदेवही बसत नव्हता. पाचवा आला तो तिसराच, माझ्या कॉलेजचा.

"तुमच्याच कॉलेजचा?" साहेब म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतीलच, साहेब."

आणि म्हणालेही. वर्षभर म्हणत होते. जुनी यादी फाडून साहेबांनी नवीन यादीवर सही केली. त्यांना मी मानतो.

नामदेवला मी दुरुस्त शीटांची नक्कल दिली. सोबत ट्रेनिंग कॉलेजला चिठ्ठी लिहिली, त्यात माझी चूक सरळ कबूल केली. त्याला सीट मिळाली.

सुधाकरला द्यायला मात्र माझ्याकडे काही नव्हतं. मी त्याच्या होस्टेलवर गेलो. म्हटलं, "चूक माझी झाली, आणि भोगतोस तू."

तो म्हणाला, "सर, नामदेव दर मॅचनंतर ती बनियन धुऊन, वाळवून मले आणून देत होता. त्याच्यासमोर मी कोणत्या तोंडानं खोटं बोलू?"

त्या सीझनचा सगळ्यात मोठा खेळाडू माझ्यासमोर बसला होता आणि त्याचं नाव यादीतून मीच काढलं होतं. ती टोचणी अजून आहे.

पुढे जितकी वर्षं नोकरी केली, मॅचआधी मी बनियना मोजल्या. खेळाडू दहा आणि बनियना नऊ असल्या तर मॅच सुरू होऊ दिली नाही. मला खडूस म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो आणि पुन्हा मोजायचो.