आईचा पीपी नंबर

मंगळवारची गोष्ट. मरोळहून ऑफिस सुटून बोरीवलीला घरी आले, तर बिल्डिंगच्या गेटवरच तळमजल्यावरच्या काकूंनी गाठलं. "अगो, आवशीक क्लास लाव. इंग्लिश कच्चा आसा म्हणतत तिचा, टेस्टात दोनदा नापास झाली."

आई नापास झाल्याचं मलाच माहीत नव्हतं... यांना कुठून कळलं?

आधी थोडं मागचं सांगते. आमची आई दहावी शिकलेली. आमच्या गल्लीतल्या बालवाडीत कित्येक वर्षं मदतनीस आहे... पोरांची नाकं पुसा, डबे उघडून द्या, रडणाऱ्याला मांडीवर घ्या. यंदा तिथल्या बाई रिटायर होतायत. ट्रस्टवाले आईला म्हणाले, सर्टिफिकेट आणा, वर्ग तुम्हालाच देतो.

म्हणून तिने एका सरकारी विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स घेतला. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, मग टेस्ट द्यायची. बाहेर कोणाला बोलायचं नाही असं तिने आम्हाला बजावलं होतं, पास झाल्यावर पेढेच वाटू म्हणे. दुपारी भांडी आवरली की कानात हेडफोन घालून बसायची, एकच व्हिडिओ थांबवत, मागे नेत, परत परत ऐकायची... ओठ हलत असायचे तिचे.

आता फॉर्मवर दुसरा नंबर मागितला होता. माझा द्यायचा, बाबांचा द्यायचा ना... नाही. आईने दिला काकूंचा.

का, तर सवय. आम्ही आणि काकू पूर्वी एकाच चाळीत राहायचो आणि अख्ख्या मजल्यावर फोन एकट्या काकूंकडे. शाळा असो, रेशन ऑफिस असो, आई सगळीकडे त्यांचा नंबर द्यायची आणि पुढे 'पीपी' लिहायची, म्हणजे शेजाऱ्यांचा. आज घरात प्रत्येकाकडे मोबाइल आहे, पण आईच्या डोक्यात दुसरा नंबर म्हणजे अजून काकूच.

तर सोमवारी एका खासगी क्लासवाल्या कंपनीचा फोन आला. बालवाडीत आईचा मोबाइल पिशवीत असतो, तिने उचलला नाही, म्हणून त्यांनी दुसरा नंबर लावला. फोनवरच्या मुलीने काकूंना सगळंच सांगून टाकलं... दोन टेस्ट गेल्यात, इंग्लिशचा भाग जमत नाहीये, एकाच व्हिडिओवर अडकून पडल्यात, आमचा क्लास लावा.

काकूंनी चाळीत करायच्या तेच केलं. निरोप पोचवला. तडक बालवाडीच्या दारात गेल्या आणि बाहेरूनच आईला हाक मारून अख्खा निरोप खणखणीत आवाजात सांगितला. नेमकी पोरं सुटायची वेळ, सगळ्या मुलांच्या आया दारात उभ्या.

काकूंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला पटतं. पटतं, पण राग जात नाही यार.

बुधवारी एका मुलाच्या आईने आमच्या आईला विचारलंच, पुढच्या वर्षी एबीसीडी तुम्ही नाही ना शिकवणार? हसत हसत विचारलं म्हणे. आईने पण हसून नाही म्हटलं.

मी विद्यापीठाच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि चांगली भांडले. पलीकडचे सर अगदी शांत. म्हणाले, मॅडम, जे विद्यार्थी मागे पडतात त्यांची माहिती आम्ही पार्टनर कंपनीला देतो, त्यांच्या भल्यासाठीच. आणि ॲडमिशनच्या वेळी तुमच्या मदरनी ते मान्य केलंय.

मान्य म्हणजे काय, तर एक लांबलचक इंग्लिश पान आणि खाली टिक करायचा चौकोन. जिचं इंग्लिश कच्चं म्हणून हे लोक गावभर सांगत सुटलेत, तिने ते पान वाचून, समजून मान्य केलं होतं. धन्य आहे.

शेवटी म्हणाले, ईमेल करा, नाव काढून टाकतो. केला ईमेल. तिथून काढतीलही... बालवाडीच्या दारातून कसं काढणार?

काल रविवार. दुपारी आईने भांडी आवरली, पण हेडफोन काही हातात घेतले नाहीत. मी म्हटलं, अगं, अजून एक चान्स आहे, बस की अभ्यासाला.

ती म्हणाली, "मी व्हिडिओ थांबवलंय, ता पण त्यांका कळता?"

हो म्हटलं.

"मागे नेऊन परत आयकलंय, ता पण?"

हो. खोटं बोलायला हवं होतं मी, पण तेव्हा सुचलंच नाही.

"मगे नको," म्हणाली. आपणहूनच पुढे बोलली, "बालवाडीत पोर पाटयेर चुकला की मी पटकन पुसून टाकतंय. बाईंनी बघूच्या आत." आणि उठून तांदूळ निवडायला बसली.

मला रडूच आलं. तिच्यासमोर नाही रडले, गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसले.

ट्रस्टवाले आता बाहेरून बाई बघतायत असं ऐकलं. आई उद्याही जाईल, नाकं पुसेल, डबे उघडून देईल. काकू जिन्यात भेटल्या की मला विचारतात, क्लास लावला का गं... आणि मी हो हो करून वर येते. टेस्टची लिंक अजून चालू आहे. मी रोज सकाळी तिचा मोबाइल चार्ज करून तिच्या पिशवीत ठेवते, हेडफोनसकट. ती काढत नाही, पण मला नको ठेवू असंही म्हणत नाही.

शिकताना माणसाला चुकायला थोडा आडोसा लागतो हो. माझ्या आईला तो इतक्या वर्षांनी मिळाला होता, दुपारचा, भांडी आवरल्यावरचा... आणि तो कुणीतरी तिच्या भल्यासाठी देऊन टाकला.