फोन येत होता

गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ उगवत होते, त्याच सुमारास चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरी फोन बसला आणि बाबांचा जीव थाऱ्यावर राहिना. स्वभावच तसा. जिन्यात दोघं बोलताना दिसले तरी यांना चप्पल घालून खाली जायचंच असायचं. आपल्याला वगळून कुठेतरी काहीतरी घडतंय, ही शंका त्यांना सुखाने जेवू देत नसे. आई नेमकी उलटी. फोन वाजला तरी तव्यावरची भाकरी उलटून मगच उठायची. "गरज असेल तर करतील परत."

काचीगुड्याच्या ऑफिसातून बाबा घटकाघटकाला खालच्या बूथवर यायचे आणि घरी फोन लावायचे.

"कुणाचा फोन आला होता का?"

"तुमचाच," आई सांगायची.

मग उलटतपासणी. नळ सुरू होता का, गच्चीवर गेली होतीस का, नीट आठव. बूथवाल्याने एकदा काळजीने विचारलं, "घर में कौन बीमार है, साब?"

एका रविवारी तारनाक्याची आत्या लाडूंचा डबा घेऊन आली, ती भांडतच. तिच्या मुलीचा साखरपुडा शुक्रवारी अचानक ठरला आणि उरकलाही. सगळं गणगोत जेवून गेलं, आम्ही सोडून.

"दिवसभर फोन लावला रे दादा! जेव्हा बघावं तेव्हा एंगेज!"

मला वाटलं, आता तरी बाबा खजील होतील. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला चीडच आली. हातात लाडू घेऊन ते आईकडे वळले.

"बघ! येत होता ना फोन?"