टपालबाईंची पाच पत्रं

टपालबाईंना पंतप्रधानांच्या कार्यालयात नावाने कुणी हाक मारत नसे. चोवीस वर्षं एकच काम: लोकांची पोतंभर पत्रं उघडायची, वाचायची, त्यातली पाच निवडून निळ्या फायलीत लावायची आणि साहेबांकडे पाठवायची. बाकीच्यांना छापील उत्तर. आणि काय निगुतीने निवडायच्या! "साहेबांना देश कळतो तो माझ्या पाच पत्रांतून," असं घरी ऐटीत सांगायच्या. त्यावर दादा म्हणायचा, "म्हणजे राज्य तूच चालवतेस की गं!"

तोच दादा आता एक जिना चढताना तीनदा बसतो. कारखान्यात छपराचे पत्रे बनवायला जी भुकटी वापरतात, ती त्याच्या छातीत साठलीय. त्या भुकटीवर बंदी घालायची की नाही, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते. वहिनीने पत्र लिहिलं. बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच घरचं पत्र फायलीत लावलं, तेही सगळ्यांत वर. दिवसभर त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारी साहेब टीव्हीवर म्हणाले, "एका कामगाराच्या पत्नीने मला लिहिलंय, कारखाना बंद पडला तर आम्ही खाणार काय? म्हणून बंदी तूर्त नाही."

बाई सटपटल्याच. असलं पत्र त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं!

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. शिपाई जुना, त्याने अडवलं नाही. निळी फाईल टेबलावरच होती. आत पाच पत्रं, पाचही अनोळखी. आणि एकावरही आवक शिक्का नाही! अहो, बाई शिक्का मारल्याशिवाय पाकीट फोडत नाहीत.

"साहेब, ही माझी पत्रं नव्हेत."

साहेब माणूस भला. त्यांनी चष्मा लावून फाईल चाळली. "फाईल आधी सल्लागारांकडे जाते ना. ते कारखानदारांच्या माणसांशी बोलून नीट लावून देतात."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

नऊ वर्षं! नऊ वर्षं बाई डोळे फोडून पत्रं निवडत होत्या, ती कुठल्या टोपलीत जात होती देव जाणे. त्यांना रडू फुटलं. "साहेब, माझा भाऊ मरतोय हो! त्याच्या बायकोचं पत्र होतं त्यात!"

साहेबांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनी लगेच फोन उचलला. झाली बंदी, असं बाईंना वाटलं.

"सल्लागार का?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "माझ्यासमोर एक बाई रडताहेत. त्यांना मी काय सांगू?"