टिचकी मारून आंबा

हापूस कापला आणि आत पांढरट, भुसभुशीत साका निघाला की आमच्या मालवणी घरात दुखवट्याची शांतता पसरते. वरून आंबा देखणा, वासाला फर्स्ट क्लास आणि आत सगळी वाट लागलेली. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. माझ्या लेकीने मात्र ठरवलं की येतो.

इंजिनियर झाल्यावर लोकांच्या मुली कंपनीत जातात. हिने मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत आंब्यांना टिचक्या मारायला घेतल्या. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. फक्त वाजवायला रबरी टोकाची छोटी हातोडी आणि ऐकायला माइक. आत काय आहे ते कॉम्प्युटर सांगणार.

आवाज नीट यावा म्हणून भर एप्रिलात पंखे बंद. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला की चांगला आंबाही साका ठरायचा, मग ही वर जाऊन हातापाया पडून यायची. शिवाय मशीन खरं बोललं का ते बघायला प्रत्येक आंबा कापावाच लागे. आम्ही खाल्ले, शेजाऱ्यांनी खाल्ले, वॉचमनने खाल्ले. विंगमधली पोरं दारात येऊन विचारायची, "काकी, आज टेस्टिंग आहे ना?" मी घामाने निथळत सगळ्यांवर चिडायचे आणि पुन्हा वाटी भरून घ्यायचे. इतकी मजा मला कधी आली नव्हती.

पण एक ठरलं होतं. मालवणची बाग माझ्या थोरल्या दिरांची. त्यांनी यंदाचे आंबे हिच्या मशीनवर सोपवले तर ठीक, नाहीतर सोमवारी अंधेरीच्या कंपनीला होकार. हिने नोकरी घ्यावी असं मला वाटे, आणि घेऊ नये असंही.

शनिवारी दीर पिकलेल्या आंब्यांची पेटी घेऊन आले. पंखे बंद झाले. नवरा हलायचा नाही, कारण तो हलला की सोफा करकरतो. लेकीने एकेक आंबा वाजवला. एक सोडून सगळे चांगले.

"काका, हा साका."

दिरांनी आंबा फिरवून पाहिला. "ह्यो? ह्यो तर पेटयेतलो सगळ्यात बरो आंबो आसा गो."

"कापूया ना मग."

मी कापला. आत साका.

मी किंचाळले. नवरा नाचायला लागला, लेक माझ्या गळ्यात पडली. दरवाजा उघडून मी समोरच्यांना ओरडून सांगितलं, "आमच्याकडे साका निघाला हो." ते बिचारे सांत्वन करायला आले.

दीर तेवढे साक्याची फोड उलटसुलट करून बघत होते. मग लेकीला म्हणाले, "उद्या माझ्यावांगडा गावाक चल गो. मशीन घे, बाग मोठी आसा."

आनंदाच्या भरात मी दुसरा आंबा कापायला घेतला, तर त्यांनी पेटी आपल्याकडे ओढली.

"ते कापू नको. गिऱ्हाईकांक देऊचे आसत."

"पण भाऊजी, आतून बघायचे नाहीत?"

"कित्याक? तुझ्या चेडवान सांगितला ना, चांगले आसत."