पंचफुलानं निवडलेली झाडं

घाटंजीकडच्या खेड्यांत निंदणाला बायका हव्या असल्या की लोक पंचफुलाकडे निरोप धाडत. तिच्या टोळीनं पिकाची एक ओळ, म्हणजे तास, धरलं की मागे गवताची काडी सापडायची नाही, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की एकही बाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची नाही. कापसाचे ते वाईट दिवस होते. बीटीची पाकिटं घरोघर पोचली होती, तरी लाल्या रोगानं वावरंच्या वावरं तांबडी पडत होती आणि मजुरीची कामं आटत चालली होती.

अशात यवतमाळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुनीतीबाई आल्या. गावोगावचं जुनं गावरानी बियाणं गोळा करून त्यांनी कॉलेजच्या वावरात पेरलं होतं. जात एकच, पण एखादं झाड उंच, एखादं बुटकं, कुणाचं पान लवदार तर कुणाचं गुळगुळीत असायला हवं होतं. हा फरक किती आहे ते त्यांना मोजून काढायचं होतं. सगळी झाडं एकसारखी असली की रोग सगळ्यांना एकदमच लोळवतो, फरक असला तर काही तरी तगतात, असं त्या सांगत. मोजायला त्यांनी पंचफुलाची टोळी लावली.

आणि पंचफुला त्या कामासाठी वेडीच झाली. बोंडातली एक सरकी घ्यायची, धागे तिला चिकटलेलेच ठेवायचे, बारीक फणीनं हळूच विंचरायचे आणि काळ्या कापडावर ठेवून पट्टीनं धाग्याची लांबी मोजायची. सरकीभोवती पांढरं वर्तुळ पसरलं की तिला हसू आवरायचं नाही. जन्मभर तिनं कापूस वेचला होता, पण त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. घरी चूल पेटवतानाही ती मिलिमीटरच पुटपुटायची आणि नवरा बळीराम तिच्याकडे बघतच राहायचा.

दिवाळीनंतर सुनीतीबाई सगळे आकडे घेऊन बांधावर बसल्या त्या उठेचनात. प्रत्येक तासातली दहा झाडं मोजून झाली होती, आणि सगळी सख्ख्या बहिणींसारखी निघाली होती.

"यात फरकच नाही," त्या म्हणाल्या. "इतकी एकसारखी झाडं असतील तर कॉलेज पुढच्या वर्षी वावर कशाला देईल? बंद करावं लागेल हे सगळं."

झाडं एकसारखी का निघाली ते पंचफुलाला पक्कं ठाऊक होतं. सांगावं तर टोळीसमोर इज्जत जायची, न सांगावं तर हे काम जायचं. ती दोनदा उठली, दोनदा बसली. शेवटी सुनीतीबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, मले एक सांगाचं हाये. तुमी म्हणलं होतं, डोये मिटून कोनतीबी दहा घ्या. म्या तसं नाई केलं. चांगली चांगली पाहून घेतली. पाहुना घरी आला त त्याच्यापुढं कोनी फाटकी सतरंजी टाकते का? मरतुकडी झाडं तुमाले दाखवाची लाज वाटली मले."

टोळीतली फटकळ रामीबाई मागून म्हणाली, "बाई का पोरगी पाहाले आल्या होत्या, नटवून पुढं बसवाले?"

बायका फिदीफिदी हसल्या. पंचफुलाची मान खाली गेली. सुनीतीबाई मात्र ताडकन उठल्या आणि त्यांचे डोळे लकाकत होते.

"म्हणजे आपण अजून मोजलंच नाही! चला, उठा."

पंचफुलानं पदर डोळ्यांवर ओढला, हात पुढे केला आणि तासात शिरली. हाताला लागलं ते झाड पाहून तिचं तोंड कडू झालं. जेमतेम गुडघ्याएवढं, वाकडं ध्यान. तरी तिनं बोंड खुडलं, बसली, विंचरायला लागली. धागे सुटत गेले, सुटतच गेले. तिनं पट्टी लावली, पुन्हा लावली आणि घाबरून सुनीतीबाईंना हाक मारली. त्यांनीही मोजलं.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. आजवरच्या एकाही देखण्या झाडानं चोविसाच्या वर मजल मारली नव्हती. त्याच्या शेजारच्या उंच पण काडीसारख्या झाडाचा धागा सतरावरच अडकला. मग काय, टोळीला चेवच चढला. कुणाचा आकडा कुठं, कुणाचा कुठं. एका झाडाची पानं तुडतुड्यांनी मुरडलेली, तर पलीकडच्याच लवदार पानांवर एक कीड नाही. दुपार टळली तरी भाकरीची फडकी कुणी सोडली नव्हती.

"पुढच्या सालीबी पेराचं ना मंग, बाई?" पंचफुलानं विचारलं.

"पेरायचं. हे आकडे पाहून नाही कोण म्हणतं तेच बघते."

पंचफुलाच्या अंगात वारं शिरलं. पदर कमरेला खोचून तिनं टोळीला आवाज दिला, "चला वं, आता वावरातली सगळ्यात मरतुकडी झाडं हुडका. एकबी सोडू नोका."

सुनीतीबाईंनी कपाळाला हात लावला. मग हसत पुढे होऊन त्यांनी तिचा खोचलेला पदर सोडवला आणि आपल्या हातानं तिच्या डोळ्यांवर ओढून दिला.