डॅशबोर्डखाली लोंबणारा पांढरा कनेक्टर

या साइटवरचे अनुभव मी हॉस्टेलजवळच्या नेट कॅफेत बसून वाचत आलोय. वाचून झालं की प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्याचं उत्तर शोधायचो... वारा असेल, उंदीर असेल, माणूस अर्धवट झोपेत असेल. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतोय. करंट कुठून निघाला आणि कुठे परत आला हे सापडलं की माझ्यापुरता प्रश्न संपतो. आज मात्र मीच लिहायला बसलोय, आणि उत्तर माझ्याकडे नाही. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर मालवण तालुक्यात, तोंडवळीच्या बाजूला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. बाबा ट्रॉलरवर असतात, आई मासे विकते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सुट्टीत घरी आलो की पंख्यापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सगळं माझ्यापुढे येतं. मला येत असो वा नसो.

ही गोष्ट २००८च्या उन्हाळ्यातली. मामाने बांद्याहून एक जुनी गाडी आणली होती. आधीच्या मालकाला चोरीची फार भीती असावी. त्याने बाहेरून सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलं होतं आणि दारांवरचे लॉकचे खुंटे वरून कापून टाकले होते. दार लॉक झालं की खुंटा पार आत जायचा, बोटाने पकडायला काहीच उरायचं नाही. काचाही बटणावरच्या. मामाने त्यात स्वतःची भर घातली... सीट आणि डिकी यांच्यामध्ये सरळ पत्रा ठोकला. डिकीत मासे, पुढे माणसं, वास येता नये म्हणून.

गाडी दारात आली त्याच दिवशी मामाने मला डॅशबोर्डखाली वाकायला लावलं. ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर एक पांढरा कनेक्टर लोंबत होता. चार वायरी, पुढे प्लास्टिकचं तोंड, आणि कशालाच जोडलेला नाही.

"ह्यां काय रे लोंबता? सगळा चालता, मगे ह्यां कशाचा?"

मी हात घालून त्याचा जोडीदार शोधला. सापडला नाही. मग मला आठवलं तेवढं सांगितलं... महागड्या मॉडेलमध्ये एखादी जास्तीची वस्तू असते, तिची वायरिंग कंपनी सगळ्याच गाड्यांत टाकते, तसला असेल.

"म्हंजे तुका ठावक नाय," मामा म्हणाला.

आई पायरीवर बसून हसत होती. "असो कसो ठावक नाय? एवढी बुकां वाचल्यान. उगी रव."

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे त्याचाच संबंध आहे. आमच्याकडे काहीही शुभ करायचं किंवा संकट टळायला हवं असलं की गाऱ्हाणं घालतात. घरातला जाणता पुरुष देवापुढे उभा राहून एकेक मागणं मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हा होकार मिळाला नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही असं मानतात. गाडीचंही घातलं. मी नेहमीप्रमाणे हात जोडून गप्प उभा. कॉलेजला गेल्यापासून मला ते ओरडायला लाज वाटायची.

"तोंड उघडूक काय होता तुका?" आई नंतर म्हणाली. "दातखिळी बसल्यासारो रवतस." मी हसून विषय टाळला.

पुनवेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मामा वाडीतल्या लग्नात पुढे पुढे करत होता, म्हणून आईला कट्टा गावच्या बाजारात सोडायचं काम माझ्याकडे आलं. खाडीला सुकती, म्हणजे ओहोटी, होती. सुकती असली की होडी वरपर्यंत येत नाही, मग सगळे टेम्पोवाले गाडी खाली घट्ट वाळूवर नेतात, टोपल्या भरतात आणि भरती लागायच्या आत वर येतात. मीही नेली. होडीवाल्याने टोपल्या डिकीत टाकल्या आणि तो घाईने पलीकडे वल्हवत निघून गेला.

आईने एक टोपली मात्र डिकीत टाकू दिली नाही. त्यात दोन मोठ्या सुरमया होत्या. उन्हाने तापणाऱ्या पत्र्यामागे तिला त्या ठेवायच्या नव्हत्या.

"मामा ओरडतलो," मी म्हटलं.

"ओरडांदे. गिऱ्हाइकाक मऊ सुरमय तो देतलो काय?" असं म्हणत तिने टोपली पायाशी घेतली आणि दार ओढलं. टोपली कलली. बर्फाचं आणि मिठाचं पाणी मॅटखाली गेलेलं मला दिसलं, पण त्यात विशेष काही वाटलं नाही. मी किल्ली फिरवली.

खाडकन चारी खुंटे आत गेले. मीटरवरचे दिवे एकदा लागले आणि विझले. त्यानंतर काहीच नाही. इंजिन नाही, हॉर्न नाही, काचेचं बटण नाही. खालून करपल्याचा बारीक वास आला.

मला कारण लगेच समजलं... खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं होतं. इथपर्यंत सगळं माझ्या पुस्तकातलं होतं.

"दार उघड," आई म्हणाली.

"उघडत नाहीये."

"तुझ्या बाजूचा?"

"कुठलंच नाही, आई."

मी हँडल ओढलं, खांद्याने धक्के दिले. काचेवर टाचेने लाथा मारल्या. गाडीत पाय मागे घ्यायला जागाच नसते, हे तेव्हा कळलं. आईचा कोयता डिकीत, पत्र्यापलीकडे. मोबाइलला त्या उतारावर कधीच रेंज नसते. आम्ही दोघं ओरडलो. वरून माडांमधून लग्नाचा लाउडस्पीकर ऐकू येत होता, एकामागून एक गाणी. आमचं ओरडणं तिथे कुणाला ऐकू जाणार?

मग पुढच्या चाकापाशी पाण्याची पहिली रेघ आली. मागे गेली. परत आली.

आई समोरच्या दगडी बांधाकडे बघत होती. आदल्या दिवशीच्या भरतीने बांधावर वाळक्या कचऱ्याची ओळ सोडली होती. मीही बघितली. ती ओळ आमच्या गाडीच्या टपाच्या वर होती.

आत घाम, माशांचा वास, कोंडलेली हवा. थोड्या वेळाने मॅटखालचं पाणी मॅटच्या वर आलं. आईने पाय सीटवर घेतले आणि टोपली मांडीवर ओढली. मी पुन्हा काचेवर धडपडलो. दोनदा, तीनदा. शेवटी आईनेच माझा दंड धरला.

"धडपडां नको, बाबू. वारो कमी आसा. तू शिकलंहस ना? मगे बघ, काय करूक येता तां."

ती हे टोमण्याने बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मला येईल. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी डॅशबोर्डखाली वाकलो. पाणी पोटऱ्यांना लागत होतं. माझ्या फोनला वर छोटी टॉर्च होती. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी तो फोन दातांत धरला. पांढरा कनेक्टर तसाच लोंबत होता. उपयोग नाही हे माहीत असूनही मी तो हातात घेतला, आणि दुसरा हात वर, पोकळीत, चाचपडत घातला.

तेवढ्यात शेजारी आईचा आवाज बदलला. ती गाऱ्हाणं घालत होती. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी तिच्या तोंडून ते कधीच ऐकलं नव्हतं.

"बा गावदेवा म्हाराजा... आज तुझा लेकरू पाण्यात अडाकला हा, तेका वाट दी रे म्हाराजा..."

ती थांबली. होकारासाठी थांबली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तो द्यावासा वाटला. पण दातांत फोन होता, आणि फोन सोडला तर पाण्यात पडून अंधार झाला असता. घशातून नुसता हुंकारसुद्धा निघेना.

"...माझा काय व्हयात तां होवंदे, पण ह्येका भायर काढ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

स्वच्छ आला आवाज. पुरुषाचा, तरुण, अगदी जवळून. मला वाटलं बाहेर कुणीतरी आलंय, आणि अंग एकदम हलकं झालं. त्याच क्षणी वर चाचपडणाऱ्या माझ्या बोटांना प्लास्टिकचं एक तोंड लागलं. मी पांढरा कनेक्टर त्यात दाबला. तो बसला. नीट बसला की जो खटका होतो, तो बोटांना जाणवला.

आणि चारी खुंटे टक्कन वर आले.

दार ढकलताना पाण्याचा जोर लागला, पण उघडलं. मी पाण्यातून पलीकडे जाऊन आईला ओढलं. ती टोपलीसकट बाहेर आली. गुडघ्यापेक्षा वर पाण्यातून आम्ही बांधाकडे गेलो आणि वर चढून बसलो. मी आजूबाजूला पाहिलं. खाडीवर होडी नव्हती, बांधावर माणूस नव्हता, ओल्या वाळूत आमच्याशिवाय कुणाची पावलं नव्हती. तासाभराने गाडीचा फक्त टप दिसत होता. मग तोही दिसेनासा झाला.

सुकती लागल्यावर मामाने टेम्पोला दोर बांधून गाडी काढली आणि कट्ट्याच्या गॅरेजला नेली. मी बरोबर गेलो. डॅशबोर्डखालचं कव्हर मी स्वतः खोललं.

पांढरा कनेक्टर लोंबत होता. मोकळा.

मी आणि गॅरेजवाल्याने पूर्ण डॅशबोर्ड उतरवला. त्याचा जोडीदार कुठेही नव्हता. त्याच्या चार वायरी मागे वीतभर जाऊन कापलेल्या होत्या, टोकांना जुनी काळी टेप. लॉकिंगचा फ्यूज जळून वितळलेला. म्हणजे त्या दिवशी किल्ली फिरवल्यानंतर त्या गाडीत खुंटे वर उचलू शकेल असं काहीच उरलं नव्हतं. मग मी तो कनेक्टर कशात दाबला? माझ्या बोटांना तो खटका अजून आठवतो. मी कॉलेजात सरांना, गाडी कुणाची ते न सांगता, सर्किट काढून विचारलं. ते म्हणाले, "असं होत नाही." मलाही ते माहीत आहे.

तरी इथपर्यंत मी स्वतःला समजावलं असतं. घाबरलेला माणूस काहीही समजतो, खाऱ्या पाण्याने कुठेतरी शॉर्ट होऊन क्षणभर करंट गेला असेल, असं काहीतरी. पण आठवड्याने घरी नारळ ठेवला, आभाराचा. मामाने गाऱ्हाणं घातलं. संपल्यावर आई माझ्याजवळ आली.

"त्या दिवशी बरो जबाब दिलंस हां. मी म्हटलंय, ह्येका लाज वाटता, ह्यो काय म्हणाचो नाय. पण म्हणालंस."

"आई, तो मी नव्हतो."

"मगे कोण? माझ्या झिलाचो आवाज मी वळखूचंय नाय?"

मी खिशातला फोन काढून बघितला. त्याच्या रबरी बटणांवर माझ्या दातांच्या खुणा अजून आहेत, आत्ता लिहितानाही दिसतायत. इतक्या घट्ट धरलेल्या तोंडातून शब्द निघत नाही. मी आरशासमोर करून बघितलंय.

मला तो आवाज ओळखीचा वाटला नव्हता. पण स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे तरी कुणाला नक्की माहीत असतं...

आता गाऱ्हाण्याला मी मोठ्याने होकार देतो. आई खूश असते. मी मात्र म्हणून झाल्यावर क्षणभर थांबतो आणि ऐकतो, माझ्यानंतर आणखी कुणी म्हणतंय का.